रक्ताच्या नातेवाइकांसाठी

मावशीने ते पत्र चार मिनिटांत पाठवलं. माझा राग तिथून सुरू होतो, त्या चार मिनिटांपासून. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी दातांच्या लॅबमध्ये माझ्या टेबलाशी बसून कुणा अनोळखी माणसाच्या दाढेची कॅप घासत होते, आणि मधेच हात पुसून मी तिला फोन केला, की मावशी, तुझं ते दुखणं झालं तेव्हा काही जनुकांची बिनुकांची तपासणी केली होती का गं, माझी डॉक्टर विचारतेय, असेल तर शोधून ठेव, घाई नाही. घाई नाही, असं मी खरोखरच म्हणाले. ती म्हणाली, "बघते हं." आता ही बाई अशी, की नाकावरचा चष्मा शोधायला तिला अर्धा दिवस लागतो. विजेचं बिल फ्रिजच्या मागे सापडतं, पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात. आणि मी पॉलिशचा दुसरा हात मारते न मारते तोच फोन थरथरला. कागदाचा फोटो होता. पुन्हा पुन्हा उघडून मिटलेल्या कागदाला पडतात तशा घड्या, कडेला तिचा अंगठा, त्यावरची उडालेली नखपॉलिश. वर ठळक अक्षरांत छापलेलं, 'रक्ताच्या नातेवाइकांसाठी'. आणि उजव्या कोपऱ्यात तारीख. मी आधी महिना वाचला, मग दिवस, आणि मग वर्ष. नऊ वर्षांपूर्वीचं.

चार मिनिटं म्हणजे शोधावं लागलंच नाही. म्हणजे ते कुठे आहे हे तिला रोज माहीत होतं. मी तिच्या घरी जेवायला जायचे तेव्हा, ती माझ्या केसांना तेल लावून द्यायची तेव्हा, ते ठेवलेल्या कपाटापासून फार तर दहा पावलांवर आम्ही दोघी बसलेलो असायचो. मी मशीन बंद केलं. पत्र सरकारी भाषेत होतं, थंड आणि स्पष्ट. आपल्या नात्यातील व्यक्तीमध्ये जनुकातला एक दोष आढळला आहे. तो आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. स्त्रियांमध्ये त्यामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. पुढे काय काय तपासण्या कराव्यात ते होतं, आणि मग एक वाक्य, की मूल हवे असल्यास त्याचे नियोजन लवकर करावे. शेवटी लिहिलं होतं, हे पत्र आपल्या बहिणी, मुली आणि भाच्या यांना शक्य तितक्या लवकर द्यावे. बहीण तर, म्हणजे माझी आई, तेव्हा जाऊन तेरा वर्षं झाली होती. मुलगी एकच. भाची एकच. त्या छापील कागदाने माझं नाव न घेता मला बरोबर शोधून काढलं होतं, आणि माझ्या माणसांनी मला बरोबर लपवून ठेवलं होतं. कॅप माझ्या चिमट्यातून सुटून जमिनीवर पडली. फुटली नाही. फुटली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात, मूल होत नाही म्हणून, मी डॉक्टरसमोर बसले होते. ही डॉक्टर औषधाच्या कागदाच्या पाठीमागे चित्रं काढून समजावते. तिने दोन अंडाशयं काढली, बदामांसारखी, आणि त्यांत अंड्यांची टिंबं दिली. पहिल्या बदामात खूप टिंबं. "ही साधारण तुमच्या वयाची बाई." दुसऱ्यात पाच-सहा. "या तुम्ही." मी सदतीस वर्षांची आहे. नवरा शेजारी बसला होता, त्याने ती टिंबं मोजली हे मला दिसलं. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला काही? मी आईचं सांगितलं, अंडाशयाचा, त्रेचाळीसाव्या वर्षी. मावशीचं सांगितलं, स्तनाचा, ती बरी आहे. डॉक्टरचं पेन थांबलं. ती म्हणाली, अशा घरांत एक जनुक तपासून बघावं लागतं, ते सदोष असलं तर अंड्यांचा साठा लवकर आटतो असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही दिसलेलं, मी छातीठोकपणे सांगणार नाही. "पण तो दोष असेल तर दुसरी गोष्ट नक्की आहे. चाळिशीच्या आत अंडाशयं काढून टाकलेली बरी. म्हणजे मूल हवं असेल तर तुमच्याकडे फार वेळ नाही." मग ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "चार-पाच वर्षं आधी आला असतात तर," आणि वाक्य अर्धवट सोडून तिने कागद उलटा केला. त्या अर्ध्या वाक्यावर मी तेव्हा चिडले नव्हते. मला वाटलं होतं, उशीर माझा आहे. चुकलं तर माझंच चुकलंय, दुसऱ्या कुणावर चिडायचं? आठवडाभर मी स्वतःलाच बोल लावत फिरले. भांडी घासताना, बसच्या रांगेत, भट्टीचं दार उघडताना. आणि तो सगळा आठवडा मावशीच्या कपाटातल्या त्या पत्रावर घड्या होत्या.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही, की त्यांनी मला सांगितलं नाही असंही नाही. नऊ वर्षं मावशीने आणि बाबांनी मला लवकर मूल होऊ दे यापलीकडे दुसरं काही सांगितलंच नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मावशी फोन करायची, "काय मग, गोड बातमी कधी?" बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेचं वेळापत्रकही तेच बसवायचे, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट कुठल्या तासाला हे ठरलेलं लागायचं. ते म्हणायचे, "तिशीच्या आत झालं की बरं असतं." मी कामात वर चढत होते. मालकाने पुढच्या दातांचं काम माझ्याकडे द्यायला सुरुवात केली होती. ते सगळ्यांना जमत नाही. मागची दाढ कुणी बघत नाही, पण पुढचा दात केसभर चुकला तरी माणूस हसायचं बंद करतो. पोर्सेलीन भट्टीत आक्रसतं, म्हणून दात मुद्दाम मोठा घडवायचा, किती मोठा ते बोटांना कळायला लागतं. ते कळण्याची ती वर्षं होती. आणि त्यात या दोघांची टुमणी. मावशी तर एकदा माझ्या नवऱ्यालाच बाजूला घेऊन म्हणाली, की तूच जरा मनावर घे रे. मी एकतीस वर्षांची होते तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात मी तिला तोडून बोलले. माझं पोट हा तुमच्या गप्पांचा विषय नाही म्हणाले. जितक्या वेळा विचाराल तितकी वर्षं पुढे ढकलीन म्हणाले. आणि ढकलली. सांगायला लाज वाटते, पण त्यातलं एक वर्ष तरी मी निव्वळ हट्टाने ढकललं, तिची जिरवायची म्हणून. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने फक्त एक शब्द सांगायचा होता. ती म्हणाली, "बरं बाई, नाही विचारत." पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलंच.

संध्याकाळी काम संपवून मी तडक तिच्याकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, मी जिने चढताना प्रत्येक पायरीला एकेक वाक्य तयार केलं होतं. दार उघडून मावशीने माझ्याकडे बघितलं आणि ती आधीच रडायला लागली, त्यामुळे माझी पहिली पाच-सहा वाक्यं फुकट गेली. समोरची व्यक्ती रडायला लागली की रागावलेल्या माणसाने काय करायचं? पाणी द्यायचं? मी दिलं नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बोल."

"अगं, तुझं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं," ती म्हणाली. "माझं ऑपरेशन झालेलं, नळ्या लावलेल्या तशीच मी तुझ्या बाबांकडे गेले कागद घेऊन. त्यांनी वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, आत्ता नको. लग्न होऊ दे, एखादं मूल होऊ दे, मग आपण दोघं बसून तिला नीट सांगू. आत्ता सांगितलं तर ती लग्नच मोडेल."

"आणि मूल नाही झालं तर?"

"असं कुणाच्या मनात तरी येतं का?"

"नऊ वर्षं मावशी! एका वर्षी तरी येऊ द्यायचं मनात."

"मी विचारत होते ना सारखी," ती म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. "तुला राग यायचा तरी विचारायचे. जीव तुटायचा माझा. मला वाटायचं, कसंही करून हिला एक होऊ दे, मग माझी सुटका. तुझ्या आईचं बघितलंय मी. पंचविसाव्या वर्षी तुझ्या डोक्यात ते घालायचं?"

"अठ्ठाविसाव्या."

"अठ्ठाविसाव्या."

तुझ्या आईचं बघितलंय मी. जसं काही मी बघितलं नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते. आईचं पोट वाढत चाललं होतं आणि बाकी सगळी आई वाळत चालली होती. अजून निदान झालं नव्हतं, सगळे अपचन म्हणत होते. एक दिवस आम्ही दोघी जिना उतरत होतो, खालच्या मजल्यावरची बाई आईच्या पोटाकडे बघून लाडात येऊन म्हणाली, "अय्या, या वयात? अभिनंदन हं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र हसली. कठडा धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुला भाऊ हवा की बहीण?" मी तिच्यावर चिडले. तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. सात महिन्यांनी ती गेली. मी आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, आणि मावशीसमोर बसून मला तेच आठवत होतं, ते हसू, आणि त्या पोटात जे होतं ते निम्म्या शक्यतेने माझ्या पोटात आहे हे मला ठाऊक नसताना मी किती आरामात वर्षं ढकलली ते. भीती वाटली असती, हो. अठ्ठाविसाव्या वर्षी मी हादरले असते, झोपले नसते, कदाचित लग्नही लांबलं असतं. पण ती माझी भीती होती. माझी भीती माझ्या हातात द्यायला हवी होती, मी तिचं काय करायचं ते बघितलं असतं. अंडी काढून गोठवून ठेवली असती. नाहीतर चक्क मूल होऊ दिलं असतं, आनंदाने, आणि मावशीच्या नाकावर टिच्चून त्याला कडेवर घेऊन हे तीन मजले चढले असते.

निघताना मी विचारलं, "बटणला माहीत आहे?" बटण म्हणजे मावशीची मुलगी, सव्वीस वर्षांची. तीन वर्षांची असताना तिने माझ्या शाळेच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिचं खरं नाव कुणी घेत नाही. मावशीने डोळे पुसले आणि उठून दार आतून लावलं, घरात आम्ही दोघीच असताना. "तिचं लग्न दीड महिन्यावर आलंय," ती म्हणाली. "तू काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडते. एकदा तिचं लग्न होऊ दे." ही बाई माझ्यासमोर दोन तास रडली होती, चुकलं चुकलं म्हणाली होती, आणि त्याच तोंडाने पुन्हा तेच सांगत होती. मी जिने उतरले. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "त्या वेळी जी माहिती होती तिच्यावरून निर्णय घेतला." माहिती तुमच्याकडेच होती बाबा, म्हटलं, माझ्याकडे नव्हती. मग ते म्हणाले, "तू जेवलीस का?" मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, शांत हो, आता रागावून काय होणार, पुढचं बघू. तो चांगला माणूस आहे. तो पुढचं बघतो, डॉक्टरच्या वेळा घेतो, तारखा लिहून ठेवतो, आणि मला त्या रात्री त्याच्या अंगावर ताट फेकावंसं वाटलं, कारण सगळ्यांनाच पुढचं बघायचं होतं आणि मागची नऊ वर्षं एकटी मीच बघत होते. दुसऱ्या दिवशी मी रक्त देऊन आले. दोष नेमका कुठे शोधायचा ते मावशीच्या पत्रात लिहिलेलंच होतं, त्यामुळे उत्तर लवकर येईल म्हणाले. तेवढा एक उपयोग झाला त्या कागदाचा. मध्ये सुट्टीचा दिवस गेला, एका मोठ्या ऑर्डरचे चौदा दात करून झाले. मी कामात चुकत नव्हते, उलट राग असला की माझा हात स्थिर होतो. काल उत्तर आलं. आहे. डॉक्टर म्हणाली, पुढच्या पाळीपासून इंजेक्शनं सुरू करू, अंडी मिळतील तेवढी काढून घेऊ, गर्भ तयार झाले तर त्यांच्यात हा दोष आहे की नाही तेही रुजवण्याआधी तपासता येतं. "किती मिळतील?" मी विचारलं. ती म्हणाली, "दोन मिळाली तरी मी खूश होईन. एकही नाही मिळालं, असंही होऊ शकतं." त्या बाईचं मला हेच आवडतं, ती तोंडावर सांगते.

आज दुपारी बटण लॅबमध्ये आली. तिचा पुढचा एक दात लहानपणी सायकलवरून पडून अर्धा तुटलेला आहे, त्यावरची जुनी कॅप पिवळी पडलीय. लग्नाच्या फोटोंत ती दिसेल म्हणून उद्या तिचा डेंटिस्ट ती काढणार आणि नवी मी करणार. शेड, म्हणजे दाताचा नेमका रंग, आधीच घ्यावी लागते. नंतर तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. मी तिला खिडकीशी बसवलं, ओठांचा रंग पुसायला लावला, गळ्यातली लाल ओढणी काढायला लावली, लाल रंगाची झाक दातांत उतरते. "ताई, एकदम पांढराशुभ्र कर हं," ती म्हणाली. मी म्हटलं, "शेजारच्या दातांनी काय पाप केलंय? उघड तोंड." तिने उघडलं. मी शेडची पट्टी तिच्या दाताशी धरली, ए-दोन, मग ए-एक, मग पुन्हा ए-दोन. डोळे अर्धवट मिटून बघायचं असतं, म्हणजे रंग बाजूला राहून उजेड दिसतो. तिचे दात माझ्या आईसारखे आहेत. खालचे दोन एकमेकांवर किंचित चढलेले, अगदी तसेच. माझ्यात ते नाहीत, मावशीत नाहीत, मध्येच कुठून तरी हिच्यात आलेत. ती खुर्चीत मान मागे टाकून, तोंड आ करून, पूर्ण विश्वासाने बसली होती, आणि माझ्या डोक्यात वाक्य आलं, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे. लग्न होऊ दे, म्हणजे सावकाश बसून नीट सांगता येईल. हे वाक्य मावशीचं नव्हतं. ते माझ्याच आवाजात होतं, मऊ आणि समजूतदार. मला स्वतःची इतकी चीड आली की पट्टी खाली ठेवून द्यावी लागली.

"तोंड मिटू नकोस," मी म्हणाले. "ऐक फक्त." आणि मी सांगितलं. आईचं, मावशीच्या पत्राचं, जनुकाचं, निम्म्या शक्यतेचं. माझं उत्तर काय आलं ते. डॉक्टरच्या कागदावरची पाच-सहा टिंबं. तू सव्वीस वर्षांची आहेस, म्हटलं, तुझ्यात हे नसेलही. तपासायचं की नाही तेही तूच ठरव. असेलच तर तुझ्याकडे अजून वेळ आहे, लग्न कर किंवा लांबव, मूल आता होऊ दे किंवा अंडी ठेवून दे, काय वाटेल ते कर, पण माहीत असून कर. मी सगळं एका दमात सांगितलं. तिचं तोंड उघडंच होतं. मी सांगितलं होतं म्हणून की मिटायचं विसरली म्हणून, कोण जाणे. दात कोरडे पडून पांढरे दिसायला लागले होते. आता शेड पुन्हा घ्यावी लागणार होती.

मग तिने तोंड मिटलं, थुंकी गिळली. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने ओढणी उचलून मांडीवर घेतली आणि विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"माझं? काल."

"तुझं नाही. पत्राचं."

मी मोजलं. मोजायची गरज नव्हती. "अकरा दिवस झाले."

"अकरा," ती म्हणाली. "म्हणजे रविवारी माहीत होतं. रविवारी आपण तीन तास चपला बघत फिरलो. मी तुला म्हणाले, ताई, आम्हाला पाच-सहा वर्षं तरी मूल नकोय, आम्ही दोघांनी ठरवलंय. तू काय म्हणालीस?"

मला आठवत होतं.

"तू म्हणालीस, छान. आरामात घ्या."

"मला वाटलं, आधी माझा रिपोर्ट येऊ दे," मी म्हणाले. "नक्की काय ते कळू दे. उगाच तुझ्या डोक्याला..." आणि तिथे मी थांबले, कारण पुढचे सगळे शब्द मला पाठ होते, आणि मी ते ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यावर अकरा दिवस दात ओठ खात होते. बटण उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तिने ओरडायला सुरुवात केली, मी तिची कोण लागते, मला काय अधिकार, आम्ही सगळे एकाच माळेचे मणी, असं ती ओरडत होती. पलीकडची दोन्ही मशीनं बंद झाली, सगळी लॅब आमच्याकडे बघायला लागली. तिचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं. मी खिडकीशी उभी राहून ते सगळं ऐकून घेतलं.